दौतीचं झाकण

गोरखी वाड्यातल्या सरकारी कचेरीबाहेर बसणारे एक दस्तलेखक बोलायचे कमी. शंका आली की दौतीला झाकण लावायचे. माझ्या पहिल्या घराचं खरेदीखत लिहितानाही त्यांनी तेच केलं. छप्पर, विहीर, मोरी मी यादी करून तपासली होती.

"घरात सध्या राहतं कोण?" त्यांनी विचारलं.

"विधवा वहिनी," विकणारा म्हणाला. "जाईल माहेरी."

"तिच्या नवऱ्याचाही वाटा होता ना? तिला आणा. विक्रीला तिची संमती आहे, हे तिच्या तोंडून ऐकू द्या."

"बाईमाणसाला कचेरीत? लिहिणारे बहुत आहेत, पंडितजी!"

तो तणतणत शेजारच्या लेखकापुढे जाऊन बसला आणि मला हाका मारू लागला. घर मला फार आवडलं होतं. दस्तलेखकांनी दौतीचं झाकण काढलं नाही. मी जागचा उठलो नाही.