बिननंबरी शिक्का

आवकबाईंना घरात, गल्लीत किंवा कचेरीत कुणीही कधी भोळं म्हटलं नाही. एकतीस वर्षं त्या आवक-जावकच्या टेबलावर बसल्या होत्या. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जायचा. शिक्का, तारीख, वहीत नोंद, नोंदीचा नंबर, आणि मगच पुढे साहेबांकडे. निवृत्त झाल्या, पण सवय कुठली सुटायला! शेजारीण हसली तर का हसली, नाही हसली तर का नाही हसली, याचा दिवसभर कीस काढायच्या. मुलगा म्हणायचा, "आई, तू देवाकडूनसुद्धा पोहोच मागशील." त्या म्हणायच्या, "मागीनच. नंबरासकट."

अशा बाईंच्या बरोब्बर डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, कवळीवाला राहायला आला. मूळचा पॅलेस्टाईनचा. दातांच्या कवळ्या बनवण्यात वस्ताद माणूस. बाईंचीही कवळी त्यानंच करून दिली, आणि ती इतकी चपखल बसली की बाईंना तिथंच शंका आली.

"हे दात आधी कुणाचे तर नव्हते ना?"

"होते ना मावशी, तुमचेच," कवळीवाला हसत म्हणाला. "मी फक्त परत केले."

इतकं गोड बोलणारा माणूस बाईंनी आयुष्यात सरळ पाहिला नव्हता. दोन वर्षं त्यांनी त्याच्या हसण्यावर पाळत ठेवली. हाती काही लागलं नाही, त्यामुळे संशय आणखीच पक्का झाला.

आणि मग सूनबाईंच्या जिन्यावरच्या फेऱ्या वाढल्या. सून शाळेत शिकवायची. पण शाळा सुटल्यावर कागद घेऊन वर जायची, पिशवी घेऊन खाली यायची, आणि सासू समोर आली की पिशवी पाठीमागे धरायची. बाई मनाशी म्हणाल्या, इथं नक्की पाणी मुरतंय. एका संध्याकाळी त्यांनी पिशवी सरळ हिसकावली. आत पत्रं. नुसती पत्रं, गठ्ठाभर.

"अहो आई, चोरी नाही केली मी," सून वैतागून म्हणाली. "तुम्ही शंभर प्रश्न विचाराल म्हणून लपवत होते."

"मग आता एकशे एक विचारते. बोल."

सून बोलली. येत्या गुरुवारी संसदेत ठराव येणार होता. पॅलेस्टाईनला संयुक्त राष्ट्रांत पूर्ण देश म्हणून जागा मिळवून द्यावी आणि तिथल्या दवाखान्यांना मदत पाठवावी, असा. आपल्या खासदारांचं महिनाभर तळ्यात-मळ्यात चाललेलं. शेवटी भर सभेत ते म्हणाले होते, "माझ्या मतदारसंघातून शंभर पत्रं आली, तर मी बाजूनं मत देईन." सून आणि कवळीवाला दारोदार फिरले आणि एकशे बारा पत्रं गोळा केली. कवळीवाल्याची बहीण तिकडच्या दवाखान्यात सुईण होती. एकोणीस दिवस तिचा फोन नव्हता.

"तुम्ही पण लिहा ना एक, आई."

"मी? छे! लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले जन्मभर, पण स्वतःचा अर्ज एक नाही केला. सही म्हणजे आपल्याच हातानं गळ्यात बांधलेलं लोढणं."

पत्र लिहिलं नाही, पण सोमवारी त्या दोघांबरोबर खासदारांच्या कार्यालयात मात्र गेल्या. मदतीला नाही हं, लक्ष ठेवायला. कुणावर, ते त्यांचं त्यांनाही नीट ठरवता आलं नव्हतं.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेली खुर्च्यांची रांग, सात-आठ ताटकळलेली माणसं, कुरकुरणारा पंखा, आणि टेबलामागे खासदारांचा पीए. तोंडात खडीसाखर ठेवूनच जन्मलेला.

"वा वा, केवढं मोठं काम करताय तुम्ही!" त्यानं गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. सूनबाईंनी पोहोचेसाठी आणलेल्या यादीच्या प्रतीवर ठक्कन शिक्का मारला. "पोहोचलं बघा साहेबांना."

सून हरखली. कवळीवाल्यानं चारदा आभार मानले. तिघं पायऱ्यांपर्यंत आले, तेव्हा बाईंनी चष्मा लावून सुनेच्या हातातली प्रत ओढली. शिक्का होता. तारीख होती. खाली सहीचा एक फराटाही होता. 'आवक क्रमांक'पुढची ठिपक्यांची ओळ मात्र कोरी होती.

हा शिक्का बाई चांगलाच ओळखत होत्या.

त्यांच्या कचेरीत त्याला 'बिननंबरी' म्हणायचे. एखादा कागद साहेबांना नको असला की साहेब नुसते डोळे मिटायचे, आणि बाई काय ते समजायच्या. शिक्का मारायचा, वहीत चढवायचा नाही. माणूस खूश होऊन घरी जायचा आणि कागद खालच्या ड्रॉवरमध्ये. पुढं कुणी विचारलंच, तर नोंदच नाही! एक धुणं धुणारी बाई गल्लीत नळ मागायला आली होती. सात अर्ज केले तिनं. सातही बिननंबरी. शेवटी सात प्रती घेऊन साहेबांपुढं उभी राहिली. साहेबांनी वही उघडून दाखवली. तेव्हा ती साहेबांशी भांडली नाही, बाईंकडे वळली. "ताई, शिक्का तुमचाच ना?"

"शिक्का काय, कुणीही बनवतं," बाई म्हणाल्या होत्या.

ती पुन्हा आली नाही. आणि त्या दिवसापासून बाईंचा जगावरचा विश्वास उडाला. आपल्याच हातानं एवढं केल्यावर दुसऱ्याच्या हाताची खात्री कशी वाटणार?

त्या पायऱ्यांवरून तशाच माघारी फिरल्या.

"नंबर?" त्यांनी प्रत टेबलावर आपटली.

"टाकतो हो मावशी, सावकाश."

"सावकाश म्हणजे खालच्या ड्रॉवरमध्ये. उघडा बघू तो."

पीएची खडीसाखर विरघळली. ड्रॉवर त्यानं उघडला नाही, पण हात मात्र आपोआप तिकडे गेला. खुर्च्यांवरची माणसं कान टवकारून बसली. दोघांनी तर आपापल्या पोहोचा खिशातून काढून बघितल्या.

"नोंद करणारा रजेवर आहे," पीए म्हणाला.

"मी आहे ना. वही आणा."

"आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"अजिबात नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझा माझ्यावरसुद्धा नाही."

कुणीतरी खो-खो हसलं. वही आली. पीएनं मग शेवटचा डाव टाकला. मतदारयादी काढून एकेक नाव ताडून पाहिलं आणि आठ पत्रं बाजूला सारली. हे लोक इथले मतदार नाहीत, म्हणाला. सगळ्यांत वर कवळीवाल्याचं पत्र होतं. बाकीच्या एकशे चार पत्रांवर बाईंनी स्वतःच्या हातानं नंबर घातले, आठशे एकाहत्तरपासून नऊशे चौऱ्याहत्तरपर्यंत, आणि प्रत्येक नोंदीपुढं पीएची सही घेतली.

"आई, झालं! शंभराच्या वर गेलं!" सुनेनं त्यांचा दंड घट्ट धरला. "आता साहेबांना शब्द फिरवता यायचा नाही."

"पुरे आहे, मावशी," कवळीवालाही म्हणाला. आपलं पत्र त्यानं चौघडी घालून खिशात ठेवलं आणि हसला.

बाई त्या हसण्याकडं बघत राहिल्या. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, हा काहीतरी लपवतोय. लपवत होताच की तो! पण काय, ते आज दिसलं, आणि बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आण ते पत्र इकडं," त्या म्हणाल्या. "मला मत आहे ना या गावात?"

त्यांनी कोरा कागद घेतला आणि त्याच्या पत्राची नक्कल करायला बसल्या. कचेरीतला नियम होता, नकलेत काना-मात्रा बदलायची नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही बदलली नव्हती. पत्र चार ओळींचं होतं. 'माझी बहीण तिथल्या दवाखान्यात बाळंतपणं करते. एकोणीस दिवस मी तिचा आवाज ऐकलेला नाही. ती वाचली, तर तिला स्वतःचा देश असावा. एवढंच मागतो.'

'मागतो'पाशी त्यांचं पेन अडलं. त्यांनी तेवढा एक काना गाळला. 'एवढंच मागते.' खाली सही केली, पूर्ण नावानिशी, ठळक.

पीएनं पत्र वाचलं. मग चष्म्यावरून बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमची बहीण आहे तिथं?"

"आहे."

"खरंच?"

"इतका संशय बरा नव्हे, साहेब. शिक्का मारा."

शिक्का बसला. बाईंनी नंबर घातला, नऊशे पंच्याहत्तर, आणि वहीशी दोनदा पडताळून पाहिला. मग पोहोच सुनेला न देता कवळीवाल्याच्या हातात ठेवली.

"जपून ठेव," त्या म्हणाल्या. "बहिणीला दाखवायला लागेल."