दहा सेकंद थांबणारं गेट

वाट बघायला लागली की माणूस बोलतो, आणि बोलला की किस्से साठतात. द्रोणागिरीतल्या आमच्या कंटेनर गोदामाच्या गेटवर गाड्या अशा खोळंबायच्या की किश्शांचा तुटवडा कधी पडलाच नाही. गेटचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं, त्यामुळे निम्म्या किश्शांतला आरोपीही मीच.

गाडी आली की माझा प्रोग्राम मुंबईच्या सर्व्हरला विचारायचा, हिला आत घेऊ का? सर्व्हर गप्प बसला की हाही गप्प. किती वेळ थांबायचं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. गेटवर बसणारे घरतकाका इथल्याच गावचे. एकदा पाऊण तास अडकलेल्या स्क्रीनकडे बघून ते मला म्हणाले, "तुजा प्रोग्राम जाम सोशिक हाय, बाला. याचा संसार टिकंल."

*

मग टाइमआउट, म्हणजे थांबण्याची मर्यादा, घालायचं ठरलं. आमचे मॅनेजर शेट्येसर तडफदार. "वाट बघायचीच कशाला? शून्य टाक!"

टाकलं. आमच्या सिस्टीममध्ये शून्य म्हणजे 'कितीही वेळ थांब', हे मला ट्रकांची रांग हायवेला टेकल्यावर कळलं. सर आजही सांगतात, आकडा बरोबर होता, सिस्टीम चुकली.

*

नंतर पाच सेकंद केले. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार, असंही लिहून ठेवलं. सर्व्हर बंद नव्हता, नुसता हळू होता. त्याने प्रत्येक वेळी नवी नोंद केली. एकच ट्रक नोंदीत चार वेळा आत गेला आणि बाहेर पडताना अडवला गेला, बाकीचे तीन कुठायत म्हणून.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, माझे चार ट्रक असते तर मी स्वतः चालवला असता का?"

*

शेवटी जमलं. दहा सेकंद थांब, मग नोंद इथेच ठेवून गाडी आत सोड, सर्व्हरला नंतर कळव. हेड ऑफिसच्या देशमुख मॅडम तपासायला आल्या. त्यांनी सही केली तर ठीक, नाहीतर माझा प्रोग्राम बाद आणि बाहेरच्या कंपनीचा येणार. कामावर भरवसा होता. म्हटलं, "मॅडम, सर्व्हरची केबल तुम्हीच काढा."

त्यांनी काढली. काकांनी मोठ्याने दहा मोजले. दांडी वर गेली, ट्रक आत.

मॅडम खूश झाल्या. फक्त सहीआधी डायरेक्टरसाहेबांना विचारायला हवं, म्हणून त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पेन कागदाच्या वर तसंच थांबलं होतं.

काकांनी घड्याळ बघितलं. "म्याडम, धा सेकंद झाले. करा सही, त्यांना मंग कलवा."