टेलरअण्णांचं बाकडं

गुलबर्ग्यात कॉलेजसमोर दुकान असलेले टेलरअण्णा आमच्या फुटबॉल टीमच्या जर्सींवर नंबर शिवतात. नवा कोच कोण असावा, यावर आम्ही आठवडाभर त्यांच्याच बाकड्यावर भांडत होतो. कुणाला हैदराबादचा हवा, कुणाला सोलापूरचा. मशीन चालवत अण्णा प्रत्येकाला म्हणायचे, "व्हय, ह्येबी बरोबर हाय." जुन्या कोचला शिव्या घालण्यात मात्र आमचं एकमत होतं. तेव्हा अण्णा फक्त दातानं दोरा तोडायचे.

काल ते जुने कोच समोरून जाताना दिसले. आम्ही मोबाइलात तोंडं घातली. मशीन थांबलं. अण्णा बाहेर आले, मला म्हणाले, "ऊठ जरा." टॉवेलानं बाकडं पुसून त्यांनी हाक मारली,

"या सर, बसा. तुमची पोरं आता कुणाच्या हाती द्यावी, तुमीच सांगा."