बाजू बदलली की चिन्ह बदलतं

आमच्या सासूबाईंना साठीच्या उंबरठ्यावर दहावी पास व्हायचं होतं. दहावीचं वर्ष अर्ध्यावर असताना त्यांचं लग्न लावून दिलेलं, आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नव्हतं. आता त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. इतर विषयांना त्या भीक घालत नव्हत्या. भीती गणिताची. सासऱ्यांनी "आता काय कलेक्टर होणार?" एवढं विचारून आपली मदत संपवली, नवरा सटकला, आणि बळीचा बकरा मी. सुनेने सासूला शिकवायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पहिल्याच गणितात आम्ही अडकलो. एक नळ टाकी चार तासांत भरतो. "कुठल्या गावात?" त्यांनी विचारलं. आम्ही ठाण्याजवळच्या दिव्यात राहतो, तिथे नळाला पाण्याची मारामार, तेव्हा प्रश्न रास्त होता. मी नळ सोडला आणि वयाचं गणित घेतलं. मुलीच्या वयाच्या तिपटीत सात मिळवले की आजीचं वय बावन्न येतं. मुलीचं वय क्ष मानू, असं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. नुसतं मानून कसं चालेल? मानला तर देव, नाहीतर दगड, असं मी सांगितलं, तेव्हा कुठे क्ष देव्हाऱ्यात बसला.

तीन क्ष अधिक सात बरोबर बावन्न. आता सात पलीकडे न्यायचे. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, मी शाळेतलं वाक्य म्हटलं. अधिकचे उणे. आपल्याकडे हे कुठल्याही मतदाराला शिकवावं लागत नाही. पण सासूबाईंनी त्या सातावर बोट ठेवलं.

"माझं पण तसंच झालं की," त्या म्हणाल्या. "या घरात आले आणि तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं. माझं मला आवडायचं गं."

त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मला भयंकर राग आला. कुणाचा ते नीट कळेना, म्हणून समोर टीव्ही बघत बसलेल्या सासऱ्यांचा आला.

"आणि परत पलीकडे नेलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर चिन्ह पुन्हा पहिल्यासारखं."

त्यांनी मान डोलावली. बावन्नमधून सात गेले, पंचेचाळीस. भागिले तीन. मुलगी पंधरा वर्षांची निघाली. "शिकू दे तिला," त्या उत्तराकडे बघून म्हणाल्या.

भूमितीत मात्र त्यांनी माझं रक्त आटवलं. पक्ष, साध्य, सिद्धता सगळं झकास मांडायच्या, आणि पायरीपुढे कंसात जिथे कारण द्यायचं तिथे लिहायच्या, दिसतंच आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन सारखे का? दिसतंच आहे. मार्क कापतील, मी ओरडले. जन्मभर सासूला कारणं दिली, आता त्रिकोणालाही द्यायची का, असं त्यांनी मला सुनावलं. तरीही भाजी निवडताना त्या एकेक कारण पुटपुटत पाठ करत होत्या. इतका जीव लावून मी स्वतः दहावीला काही केलं नव्हतं.

कल्याणच्या केंद्रावर पेपर दिले. पर्यवेक्षकाने त्यांना कुणाची तरी पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा त्यांनी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर नाव माहेरचं होतं. बोर्ड शाळेचा दाखला मानतं, तांदूळ नाही.

निकालाच्या दिवशी मी फोनवर नंबर टाकला. सासूबाई देवाजवळ बसल्या नव्हत्या, माझ्या मानगुटीवर उभ्या होत्या. पास. गणितातसुद्धा, काठावर का होईना. आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून रडलो, जे आमच्या घराण्यात सासवासुनांनी करायची पद्धत नाही.

सासऱ्यांनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला आणि त्यावरचं नाव दोनदा वाचलं.

"चुकीचा नंबर टाकलास तू," ते मला म्हणाले. "ही बाई कोण?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पलीकडे नेलेलं. मी परत इकडे आणलं."

सासऱ्यांना काही कळलं नाही. त्यांचं गणित पहिल्यापासून कच्चं.