ओठ हलवणारा गिटारवाला

कोथरूडमधल्या ज्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये मी कचेरीतून सुटल्यावर जेवायचो, तिथे तो दर शुक्रवारी गिटार वाजवायचा. आयटी कंपन्या शहरात नुकत्याच स्थिरावल्या होत्या. टेबलं भरलेली असत. तो नुसत्या सुरावटी वाजवी, गात नसे. वाजवताना ओठ मात्र सतत हलायचे आणि कुणी पाहिलं की तो मान खाली घालायचा.

एकदा पुढच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "अहो, ओठ हलताहेत. आवाज घरी विसरलात का?"

तो हसला. "गातो, पण घरीच. इथे लोक उठून गेले तर?"

"आमची ऑर्डर अजून यायची आहे. जातो कुठे?"

मग त्याने गिटारवर नुसती साथ धरली आणि स्वतः रचलेलं एक साधं, गोड गाणं म्हटलं. आधी आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्याला टेबलांवर चमचे ताल धरू लागले. आजोबांचं जेवण आलं आणि तसंच निवत राहिलं.

गाणं संपल्यावर त्याने भीतभीत त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांनी ताट बाजूला सारलं आणि नाटकाला आल्यासारखे ओरडले, "वन्स मोअर!"

पुढच्या शुक्रवारी त्याच्यासमोर माईक होता.