बंद लूमची खटखट

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कान असा, की गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आत कुठला लूम अडतोय ते सांगावं. उभी हयात भिवंडीच्या लूमांवर, म्हणजे विजेच्या मागांवर, कापड विणण्यात काढली. माझ्या वयाचे कारागीर बहिरे झाले, मी न्हाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या कानानंच मला वाचवलं.

लोडशेडिंगचे दिवस होते. टीव्हीची डिश फिरवायला छतावर चढलो. बायको खालून ओरडत होती, "अवो, डिशवाला येईल ना उद्या!" मी ऐकतोय कशाला? पाय सरकला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, हाडाला प्लेट बसवू, पूर्ण भूल देऊ. मी म्हटलं, "झोपवायचं न्हाय. माझा हात कापताना मी बघणार." तासभर हुज्जत झाली. शेवटी भूल देणारी डॉक्टरीण हसली. माझ्या मुलीच्या वयाची.

"बरं काका, खांद्याजवळ सुई देते, नुसता हात बधिर होईल. पण जरा जरी वेगळं वाटलं तर बोलायचं हां. सहन करायचं नाही."

"बोलायचं मला शिकवू नका, बाई."

त्या दिवशी सकाळीच लाईट गेली होती, दवाखान्याला लागून असलेल्या गल्लीतले सगळे लूम बंद पडले होते. मागं जनरेटर घुरघुरत होता. बाई औषध थोडं थोडं सोडत होत्या आणि विचारत होत्या, "कसं वाटतंय?"

"झकास!"

खरं म्हणजे ओठ जड झाले होते. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव येत होती. पण सांगितलं तर म्हातारा घाबरला म्हणतील, म्हणून गप्प राहिलो. तेवढ्यात कानात आवाज आला. खटखट खटखट! आधी एक लूम, मग चार, मग अख्खी गल्ली. मी उसळलोच.

"बाई, लाईट आली! लूम चालू झाले बघा!"

त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला. "काका, लाईट नाही आली. लूम बंद आहेत."

"मला सांगता? मी लूमवर..." जीभच वळेना.

"तोंडाला कसली चव येतेय? पटकन सांगा!"

"तां... तांबं..."

"ऑक्सिजन लावा! कपाटातली पांढरी बाटली आणा, पळा!"

एवढंच ऐकलं. पुढचं नंतर कळलं. मला झटके आले, मग काळीज थांबलं. बाई छाती दाबत होत्या आणि नर्स शिरेतून पांढरं औषध ढकलत होती. बाहेर बायको भिंतीला धरून उभी होती.

डोळे उघडले तेव्हा बरगड्या ठणकत होत्या आणि डोक्यावर दुधासारखी पांढरी बाटली टांगलेली होती. बायकोनं डोळे पुसले आणि पहिलं काय बोलावं?

"जन्मभर दुधाला नाक मुरडलंत, कोरा चहा ढोसलात. आता शिरेतून पाजावं लागलं!"

"दूध नाही हो मावशी," बाई हसल्या. "सोयाबीनचं तेल आहे, शिरेतून देता येईल असं बनवलेलं. बधिर करायचं औषध रक्तात गेलं आणि मेंदूवर, हृदयावर चढलं. कानातली ती खटखट आणि तांब्याची चव त्याचीच खूण होती, काकांनी लूम ऐकले म्हणून वेळेत कळलं. ते पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतं. हे तेल त्याला तिथून ओढून घेतं."

मला एका झटक्यात समजलं. कापडाला ग्रीस लागलं की नुसत्या पाण्यानं निघत न्हाय, रॉकेल लावावं लागतं. तसंच हे! पडल्या पडल्या मी ते बायकोला समजावलं. ती म्हणाली, "गप पडा. रॉकेल म्हणे!"

आणि तेवढ्यात कानात परत खटखट! एक लूम, मग चार, मग अख्खी गल्ली. या वेळी म्हातारा घाबरला म्हणोत, न्हायतर काहीही म्हणोत.

"बाई! बाई, धावा! परत लूम वाजायला लागले!"

बाई धावत आल्या. माझी नाडी धरली, मशीनकडे बघितलं आणि कान देऊन ऐकलं. मग खाटेच्या कडेवर बसून हसायलाच लागल्या.

"काका, हे मलापण ऐकू येतायत. लाईट आली!"

बायको हसता हसता रडायला लागली. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. सगळ्या लूमांनी मिळून म्हटलेलं असं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"कोपऱ्यातल्या लूमचा पट्टा सैल हाय," मी म्हटलं. "जाऊन सांगा त्यांना."