वरून दिसलेली वाट

चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसायची. पुढे मालक डोळे तपासायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मागे यंत्राच्या घरघरीत ती काचा फ्रेमच्या मापाला घासायची, कडेवरून बोट फिरवायची, फुंकर मारून काच उजेडात धरायची. दुकानात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. गावातल्या सायकलवाल्यांच्या टोळीत मात्र तिचं नाव होतं 'घार', आणि ते नाव ती मिरवायची.

एके काळी ती स्वतः डोंगरात सायकल पिटाळायची. मग एका उतारावर गुडघा असा पिरगळला, की डॉक्टरांनी सायकलचं नाव काढायचं नाही अशी तंबीच दिली. सायकल धाकट्या भावाने नेली. हेल्मेट घरात राहिलं, त्यात नवऱ्याने कांदे भरून ठेवले.

पाय अडकले, पण डोळे काही अडकले नाहीत. दुपारी डबा खाऊन झाला की ती कॉम्प्युटरवर सॅटेलाइटचा नकाशा उघडायची. डोंगर जवळ ओढायचा, तिरका करायचा, सगळीकडून फिरवून बघायचा. ऊन कलतं असताना टिपलेलं चित्र मिळालं तर फारच छान, कारण सावल्यांवरून घळ कुठे आणि उंचवटा कुठे ते कळतं. झाडांत एखादी वाट गडप झाली की ती पलीकडे कुठून डोकं काढते, हे शोधण्यात तिची तंद्री लागायची. मग माउसने त्यावर रेघ ओढायची आणि सायकलवाल्यांच्या सामायिक नकाशावर टाकायची. रविवारी टोळी त्या रेघेवरून जाऊन यायची.

नवरा म्हणायचा, "लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमची बायको आभाळातून सायकली हाकते."

टोळीचा म्होरक्या तिचा भाऊच होता. त्याला सगळे 'सुसाट' म्हणत, आणि त्याच्या बोलण्यालाही ब्रेक नव्हते. एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

"ताई, नवीन काहीतरी दे ना गं. त्याच त्याच वाटांचा वीट आलाय."

तिच्याकडे एक होती. मोठ्या डोंगराच्या पाठीला लागलेली, बारीक, नागमोडी, उताराला अगदी अंगाबरोबर शिवल्यासारखी. अशी वाट दहा डोंगरांत एक सापडते. ती एका मोकळ्या जागेतून जात होती. तिथे पत्र्याचं एक छप्पर चमकत होतं, आणि थोडं वर फिकट ठिपक्यांच्या रांगा होत्या. ठिपके काय आहेत ते कळेना. पण दगड असे रांगेत बसत नाहीत, एवढं तिला नक्की कळत होतं. ती जरा थांबली. नकाशाने विचारलं, वाट कशी आहे, खासगी की सर्वांसाठी खुली? तिने 'खुली'वर टिचकी मारली आणि काचा घासायला बसली.

रविवारी भावाचा फोन आला तो ओरडतच. "ताई, काय वाट आहे! तुझे डोळे सोन्याने मढवायला हवेत!" टोळीने व्हिडिओ टाकला. महिनाभरात लांबलांबचे सायकलवाले त्या वाटेवर यायला लागले. नकाशावर तिच्या रेघेखाली अनोळखी लोकांचे आभार साचत गेले. ती ते दुपारच्या चहाबरोबर वाचायची.

मग एक दिवस दुकानात एक म्हातारा आला. रापलेला चेहरा, एक डोळा सुजून बंद झालेला, आणि हातरुमालात गुंडाळलेला चष्मा. एक काच फुटलेली, काडी मुळातून तुटलेली. मालक नेमका बाहेर गेला होता, म्हणून तीच पुढे आली.

"काका, ह्याच्यावर काय बसलं होतं?"

"मीच पाय दिला त्याच्यावर. धावताना." त्याने रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. "आमच्या मधपेट्या आहेत डोंगरामागे. माशा पाळतो आम्ही नवराबायको. परवा दोन सायकलवाले वरून आले ते थेट पेटीवरच. पेटी आडवी. मग काय, मोहोळ उठल्यावर कोण कुणाचा! ती पोरं पळाली. आमची ही पेटी सावरायला गेली आणि उतारावरून घसरली. मनगट मोडलं तिचं."

हातातली फ्रेम तिने उगाचच पुसली.

"आधी कुणी यायचं नाही हो. पाणी आणायला पाडलेली आमची घरची वाट ती. आता म्हणे कुठल्या नकाशात आलीय."

"कुणी टाकली?" तिने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"काय माहीत. भेटला तर भांडणार नाही मी. एवढंच विचारीन, बाबा, आमचं घर दिसलं नव्हतं का?"

सांगायची वेळ हीच होती. शब्द ओठांवर आलेही होते. तेवढ्यात मालक दार ढकलून आत आला, आणि तिने मूग गिळले. मागच्या खोलीत जाऊन तिने त्याच्या काचा घासल्या. इतक्या जपून आयुष्यात कुणाच्या घासल्या नसतील. नवीन चष्मा डोळ्यांवर चढवून म्हातारा म्हणाला, "वा, हलका झालाय की! हात चांगला आहे तुमचा, बाई." ही शाबासकी तिला थपडेसारखी लागली.

त्याच दिवशी तिने रेघ पुसली. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. त्या वाटेवरून गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलने वाटेचा माग ठेवला होता, आणि ते माग सगळीकडे पसरले होते. भावाने फोन करून विचारलं, "ताई, वाट गेली कुठे?" तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"अगं, मग पेट्या हलवायच्या ना त्यांनी! डोंगर काय त्यांच्या बापाचा आहे?"

"ती वाट त्यांनी पाडलीय."

"आणि तू कशाला मनाला लावून घेतेस? तू थोडीच धडकलीस?"

तिने फोन ठेवला. नवऱ्यानेही समजूत घातली. नकळत झालं, चूक धडकणाऱ्यांची, वगैरे. तिला ते सगळं पटवून घ्यायचं होतं. पण नकळत झालं नव्हतं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. त्या रांगांवर तिची नजर थांबली होती. जेवताना, झोपताना, काच उजेडात धरताना तेच तिचं मन खात राहिलं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती गेली. डोंगराच्या पायथ्यापर्यंत बसने आणि पुढे काठी टेकत पायी. पडद्यावर बोटाच्या पेराएवढी दिसणारी चढण गुडघ्याने पुरेपूर वसूल केली. वाटेच्या मधोमध टायरांनी खोल चर पाडला होता. वळणावळणावर कड ढासळून माती खाली आली होती.

पत्र्याच्या घरापुढे म्हाताऱ्याची बायको बसली होती, हात गळ्यात अडकवून. दुसऱ्या हाताने ती मधपेटीतली पोळ्याची चौकट खरवडत होती. एका हाताने ते नीट जमत नव्हतं.

"अगं, चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्यात," म्हाताऱ्याने कौतुकाने सांगितलं. "पाणी देतो, बसा."

ती बसली नाही. "काका, तुम्ही विचारत होता ना, घर दिसलं नव्हतं का म्हणून. दिसलं होतं. वाट मीच टाकली नकाशात. छप्पर दिसलं, पेट्यांच्या रांगाही दिसल्या. कुणाचं तरी काहीतरी आहे हे कळलं, तरी टाकली. तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी पुसली."

म्हाताऱ्याच्या हातात तांब्या तसाच राहिला. म्हातारी खरवडायची थांबली.

"दुकानात का नाही बोललात?" त्याने विचारलं.

"धीर झाला नाही."

"मग आता काय, पाया पडायला आलात?" बायको म्हणाली. "त्याने हाड जुळतं का? तीन पेट्यांतल्या माशा उठून गेल्या, त्या परत येतात का?"

"नाही."

"पुसली म्हणता वाट. मग काल कोण आले होते चौघं?"

म्हातारी उठून घरात गेली आणि दार लोटून घेतलं. म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "पेट्या खालच्या अंगाला हलवाव्या लागतील. तिथे फुलोरा कमी, पण काय करणार? हिच्याशिवाय मला एकट्याला उचलत नाहीत."

"मी येते," ती म्हणाली. "आणि माणसं आणते."

त्या संध्याकाळी ती थेट भावाच्या घरी गेली. वाद घातला नाही. "मनगट मोडलेली बाई एका हाताने चौकट खरवडतेय," एवढंच म्हणाली, "तू एकदा बघून ये. मग डोंगर कुणाच्या बापाचा ते मला सांग." तो चिडला, पण पुढच्या रविवारी टोळीतल्या चौघांना घेऊन आला. सूर्य उगवायच्या आत, माशा पेटीत असतानाच, त्यांनी म्हाताऱ्याच्या हुकुमाबरहुकूम पेट्या खाली नेल्या. मग वाटेच्या वरच्या तोंडाशी ओंडके आडवे टाकले, काटेरी फांद्या रचल्या, चर मातीने बुजवला. सुसाट दिवसभरात चार वाक्यंही बोलला नाही. त्याच्या कानावर माशी चावली, तेव्हा म्हातारी पहिल्यांदा हसली. मग तीच आतून मध घेऊन आली आणि त्याच्या कानाला लावला. नणंदभावजयींनी एकमेकींना टाळावं तसं घारीकडे मात्र तिने बघितलंही नाही.

दुपारी घार ओंडक्यावर टेकून बसली होती. तेवढ्यात दोन अनोळखी सायकलवाले मोबाइल हातात धरून वरून आले.

"हे काय, वाट बंद? नकाशात तर आहे."

"ती मी टाकली होती. चुकीची आहे."

"चुकीची कशी? समोर तर दिसतेय."

"दिसते," ती उठत म्हणाली. "पण ती ह्यांच्या घरची आहे. मी विचारलं नव्हतं."

ते कुरकुरत मागे फिरले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. खालून म्हातारीने हाक मारली. "अहो बाई, नुसत्या उभ्या काय राहिलात? ही चौकट धरा इकडून. नीट धरा, माशा आहेत तिच्यावर."

ती उतारावरून जपून खाली गेली आणि चौकट दोन्ही हातांनी धरली.